शोरूमचे लाइट दोन मिनिटं बंद कराल का? समस्त सराफ मंडळींना एक खुलं पत्र

समस्त सराफ आणि ज्वेलर्स मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

पत्र लिहिणारी बाई कोल्हापूरची, बँकेत ३१ वर्षं कॅशला काढलेली आणि तुमची जुनी गिऱ्हाईक. जुनी म्हणजे आईचं बोट धरून गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ बाजारात, यायची तेव्हापासूनची. तेव्हा सराफ गादीवर बसायचे, कसोटीच्या काळ्या दगडावर सोनं घासायचे आणि ती रेघ आईपुढे धरायचे. आई रेघ बघायची, मान तिरकी करायची, कधी हं म्हणायची आणि कधी नुसतीच पदर सावरून उठायची. चौथी शिकलेली बाई, पण कोल्हापुरी साजातलं एक पान कुठं हलकं लागलंय ते हाताला सांगायची. हे शिकवलं कुणी तर तुमच्याच आधीच्या पिढीने, दगड तिच्यापुढे ठेवून.

आणि आम्हीही शिकलो की. २२ कॅरट म्हणजे ९१६, १८ म्हणजे ७५०, बीआयएसचा म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा त्रिकोण, दागिन्याचा स्वतःचा सहा अक्षरी नंबर म्हणजे एचयूआयडी, १ एप्रिल २०२३ पासून तर त्याच्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकताच येत नाही, काउंटरवर उभ्या उभ्या बीआयएस केअर ॲपमध्ये नंबर टाकून मी बघते आणि तुमचा सेल्समन चेहरा जरा आंबट करतो पण बघू देतो. सोन्याच्या काउंटरवर मी वाघीण असते.

तीच मी चार पावलं चालून हिऱ्याच्या काउंटरला गेले की गाय होते. काय बघायचं माहीत नाही, काय विचारायचं माहीत नाही, वरून दहा दिव्यांचा झोत पडलेला, समोर काळं मखमल, त्यावर सगळंच असं लखलखतंय की पन्नास हजाराचं कुठलं आणि पाच लाखाचं कुठलं हे सांगायला फक्त ते चिटुकलं टॅग. पाण्यात म्हैस आणि वर मोल म्हणतात तसं. म्हणून हे पत्र. भांडायला लिहीत नाहीये, एक मागणं आहे, पण आधी माझी गोष्ट ऐका.

२०१९ ला थोरलीचा साखरपुडा होता. सॉलिटेअर अंगठी घेतली, ४० सेंटचा, म्हणजे ०.४० कॅरट वजनाचा, एक हिरा, १८ कॅरट व्हाइट गोल्डमध्ये. दुकान कुठलं, गाव कुठलं ते सांगत नाही, सांगून आता काय होणार. "मॅडम, ई कलर, व्हीव्हीएस, टॉप क्वालिटी" असं सांगितलं, एक छान सोनेरी कार्ड दिलं, त्यावर दुकानाचाच शिक्का आणि दुकानाचीच सही. मला ते कार्ड म्हणजे सर्टिफिकेट वाटलं! बँकेत आयुष्य काढलेली बाई मी, कर्जदाराने स्वतःच स्वतःच्या पगाराचा दाखला लिहून आणला असता तर मी त्याला दारातून परत पाठवला असता, आणि इथे विकणाऱ्यानेच दिलेला दाखला मी लॉकरमध्ये जपून ठेवला पाच वर्षं.

पाच वर्षांनी लेकीला अंगठी बदलून जरा मोठी करायची होती, ती पुण्यात, तिने तिथल्या एका दुकानात दाखवली. त्या माणसाने डोळ्याला भिंग लावलं, अर्धं मिनिट बघितलं आणि म्हणाला, "जे कलर असेल, एसआय आहे, आणि कट फार खोल आहे." म्हणजे रंगही सांगितला त्यापेक्षा खालचा आणि स्वच्छताही खालची. लेकीने मला फोन केला, मी पहिल्या दुकानात फोन केला, तर उत्तर आलं, "आमच्या स्टँडर्डप्रमाणे व्हीव्हीएसच आहे मॅडम." आमच्या स्टँडर्डप्रमाणे! म्हणजे उद्या मी माझ्या स्टँडर्डप्रमाणे दोन हजाराची नोट पाच हजाराची म्हणून दिली तर चालेल का?

रडले नाही, पण झोप गेली. पैशापेक्षा हे लागलं की मला कळलं नाही.

मग भाचा आला. नणंदेचा मुलगा, मुंबईला बीकेसीत भारत डायमंड बोर्समध्ये, म्हणजे हिऱ्यांच्या बाजारात, असॉर्टिंगला आहे, म्हणजे दिवसभर चिमटा आणि आयग्लास घेऊन हिऱ्यांच्या ढिगातून कलर वेगळा कर, क्लॅरिटी वेगळी कर, हेच काम. (आयग्लास म्हणजे तेच दहा पटीचं भिंग, लूप. तिकडे सगळे आयग्लासच म्हणतात.) दिवाळीला आला होता, त्याला म्हटलं बाळा, फराळ नंतर, आधी मला हिरा शिकव. त्याने सोबत आणलेली पुडी उघडली, निळसर पांढऱ्या घडीच्या कागदात सात आठ सुटे हिरे, वेगवेगळ्या प्रतीचे, आणि पहिलं काम काय केलं तर हॉलमधला दिवा बंद केला. मला म्हणाला, "मामी, लाइटखाली सगळेच हिरे हिरो असतात." आणि मला स्वयंपाकघराच्या उत्तरेच्या खिडकीशी नेऊन उभं केलं, जिथे थेट ऊन येत नाही.

मंडळी, त्या खिडकीशी मला पाऊण तासात जे कळलं ते तुमच्या एसी शोरूममध्ये तीस वर्षांत कळलं नव्हतं. तेच सांगते, म्हणजे तुम्हालाही कळेल की आम्हाला किती कमी शिकवलं तरी पुरतं.

पहिलं त्याने कट दाखवला. मला वाटायचं कट म्हणजे आकार, गोल, चौकोनी, बदाम वगैरे. तसं नाहीच! कट म्हणजे पैलू किती नीट मापात पाडलेत ते. गोल ब्रिलियंटला ५७ किंवा ५८ पैलू, वरचा सपाट भाग तो टेबल, त्याच्याभोवती माथा, आणि खाली निमुळता तळ. उजेड वरून आत जातो, तळाच्या भिंतींवर आपटतो आणि परत वर येतो, तो परत येणारा उजेड म्हणजे आपण ज्याला हिऱ्याचं पाणी म्हणतो ते. तळ जास्त खोल झाला की उजेड बाजूने निसटतो आणि मधोमध काळपट दिसतं, खिळ्याच्या डोक्यासारखं. तळ उथळ झाला की टेबलाच्या आत करड्या रंगाचं एक कडं दिसतं, माशाचा डोळा बघावा तसं. ही दोन चित्रं एकदा बघितली की जन्मात विसरत नाही, खरंच सांगते, बाजारात बांगडा ताजा आहे का शिळा हे डोळ्यावरून ओळखणाऱ्या बायका आहोत आम्ही, आम्हाला हिऱ्यातला माशाचा डोळा दिसणार नाही होय?

पण मग खोल हिरा पाडतात कशाला, असं मी विचारलं. तर म्हणाला वजनासाठी. कच्च्या दगडातून जितकं वजन वाचेल तितके पैसे, कारण भाव कॅरटवर. म्हणजे वजन पोटात लपवायचं. माझ्या लेकीची अंगठी त्याने मापली, हिरा ४० सेंटचा पण वरून रुंदी साडेचार मिलिमीटर. नीट कट असता तर ४० सेंटचा हिरा पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास दिसायला हवा होता, साडेचार म्हणजे ३५ सेंटचा ऐवज. मी पैसे ४० चे दिले आणि लोकांना दिसतोय ३५ चा, बाकीचे पाच सेंट बोटाच्या बाजूला अंधारात बसलेत आणि तेज खातायत ते वेगळंच. म्हणून आता मी पर्समध्ये छोटी पट्टी ठेवते. एक कॅरटचा गोल हिरा साडेसहा मिलिमीटरच्या जवळपास, अर्ध्या कॅरटचा पाचच्या थोडं वर, दहा सेंटचा तीन. हे तीन आकडे तुमच्या भिंतीवर लावायला काय हरकत आहे? आणि गंमत बघा, अमेरिकेतल्या जीआयए ह्या हिरे तपासणाऱ्या संस्थेने गोल हिऱ्यांना कटची ग्रेड देणं सुरू केलं २००६ ला, त्याच्याआधी रिपोर्टवर मापं असायची पण हा कट एक्सलंट का पूअर असं सरळ लिहिलेलं नसायचं, त्यामुळे जुने रिपोर्ट असतील तर ते कॉलम शोधत बसू नका. ओव्हल आणि मार्किजला, म्हणजे दोन्ही टोकांना निमुळत्या हिऱ्याला, अजून एक, मधोमध बो टायसारखी काळी आडवी सावली पडते, थोडी सगळ्यांनाच असते पण ठळक असली की हिरा मेलेला वाटतो, आणि ती कागदावर कुठेच लिहिलेली नसते, बघूनच घ्यावी लागते.

मग कलर. डीपासून झेडपर्यंत, डी म्हणजे बिनरंगी आणि पुढे पुढे पिवळट होत जातं. मी विचारलं ए पासून का नाही सुरू, तर म्हणाला पूर्वी व्यापारी ए, डबल ए, ट्रिपल ए असं मनाला येईल ते लिहायचे, त्या गोंधळातून सुटायला मुद्दामच डी पासून केलं. (आता तुमच्यातले काही जण परत ट्रिपल ए लिहायला लागलेत, ते जाऊ दे.) पांढरा कागद मधे दुमडायचा, त्या खाचेत हिरा पालथा ठेवायचा आणि बाजूने बघायचं, वरून नाही, कारण वरून बघितलं की चमचम रंग झाकते. त्याने जी आणि के शेजारी शेजारी ठेवले आणि मला के मध्ये फिक्का चहा दिसला, पण डी आणि ई मधला फरक त्यालाही मापाचे खडे शेजारी ठेवल्याशिवाय सांगता येईना, आणि तुम्ही त्या एका अक्षरासाठी आमच्याकडून किती घेता ते तुमचं तुम्हाला माहीत. शिवाय पिवळ्या सोन्यात बसवायचा असेल तर आय किंवा जे सुद्धा छान दिसतो, सोन्याचाच रंग पडतो त्यावर, व्हाइट गोल्डमध्ये मात्र जे उघडा पडतो. हे मला २०१९ ला कुणी सांगितलं असतं तर मी पिवळं सोनं घेतलं असतं आणि आज हे पत्र लिहीत बसले नसते.

क्लॅरिटीचं, म्हणजे हिरा आतून किती स्वच्छ ह्याचं, तर आपल्याकडे वेडच आहे. कुठल्याही लग्नघरात विचारा, "व्हीव्हीएस आहे ना?" बस, एवढं एक अक्षरगाणं पाठ. निर्दोष म्हणजे फ्लॉलेसपासून सगळ्यात डागाळलेल्या आय थ्रीपर्यंत ११ पायऱ्या आहेत, मधे उतरत्या क्रमाने व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय, आणि व्हीव्हीएस, व्हीएस ह्यातला फरक दहा पटीच्या भिंगाशिवाय दिसतच नाही, व्हीएस पण नुसत्या डोळ्याला स्वच्छच. एसआयमध्ये काही दिसतं काहीत नाही, तिथे खरी नजर लागते, डाग काळा आहे का पांढरा, मधे टेबलाखाली आहे का कडेला, कडेला असला तर हिरा धरणाऱ्या नखाखाली, म्हणजे तुम्ही प्रॉन्ग म्हणता त्याखाली जातो आणि प्रश्न मिटतो. फक्त कडेला चीर असेल तर ठोका बसला की तिथून फुटू शकतो. हो, हिरा फुटतो! लहानपणी आम्ही ऐकलं होतं की खरा हिरा ऐरणीवर ठेवून घण मारला तरी फुटत नाही. हिऱ्यावर ओरखडा उठवणं कठीण, पण त्याच्या थरांच्या दिशेने ठोका बसला तर सरळ दुभंगतो. ह्या परीक्षेपायी किती चांगले हिरे चुरा झाले असतील कोण जाणे.

आमच्या आजेसासूबाई म्हणायच्या काळ्या ठिपक्याचा हिरा घरात आणू नका, अशुभ. मी हसायचे. भाच्याने सांगितलं की जुन्या रत्नशास्त्रात हिऱ्याचे दोषच मोजलेत, बिंदू, रेखा, यव, मल आणि काकपद, म्हणजे कावळ्याच्या पायासारखी खूण. आता भिंगातून बघितलं तर हेच की हो! ठिपका, चीर, आतलं स्फटिक. आजेसासूबाई क्लॅरिटीच सांगत होत्या, फक्त अशुभ म्हणून, कारण तसं सांगितलं की पोरी ऐकायच्या. आणि खिडकीचं म्हणाल तर, सतराव्या शतकात तो फ्रेंच व्यापारी ताव्हर्निये गोवळकोंड्याच्या खाणींवर आला होता, त्याने लिहून ठेवलंय की इकडचे व्यापारी रात्री भिंतीतल्या कोनाड्यात जाड वातीचा दिवा ठेवून त्या उजेडात बोटांत धरून कच्चा हिरा पारखायचे, आणि त्यात निळी झाक आहे का हे बघायचं असेल तर सरळ दाट पानांच्या झाडाखाली हिरव्या सावलीत न्यायचे. म्हणजे कुठला उजेड काय दाखवतो हे तुमच्याच पूर्वजांना साडेतीनशे वर्षांपूर्वी पक्कं ठाऊक होतं. आणि आज त्यांचे वारस आमच्यावर दहा स्पॉटलाइट मारून म्हणतात, "बघा मॅडम कसा फायर आहे!"

निळ्या झाकेवरून आठवलं, फ्लोरोसन्स म्हणून एक कॉलम रिपोर्टवर असतो, तो कुणी वाचत नाही. नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो ना, मी कॅशला रोज वापरायचे, त्याखाली काही हिरे निळे पेटतात. थोडं असलं तर काही बिघडत नाही, पिवळट हिऱ्याला उलट मदतच होते, पण फार असलं तर काही हिरे उन्हात दुधाळ दिसतात, साबणाचं पाणी राहिलेल्या काचेच्या पेल्यासारखे. असे हिरे स्वस्त मिळतात आणि ते स्वस्त का हे सांगितलं जात नाही. व्यापारात म्हणे 'नो बीजीएम' म्हणतात, म्हणजे ब्राऊन नको, ग्रीन नको, मिल्की नको. तुमच्या आपसातल्या खरेदीत हा शब्द रोज वापरता, आमच्यापुढे एकदाही नाही काढलात.

आता कॅरटचं. सोन्याचा कॅरट शुद्धतेचा आणि हिऱ्याचा वजनाचा, ह्या एका शब्दाने निम्मा महाराष्ट्र गंडलाय, माझ्या बहिणीला अजून वाटतं की १८ कॅरटची अंगठी म्हणजे १८ कॅरटचा हिरा. हिऱ्याचा एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, त्याचे १०० सेंट. आणि भाव सरळ रेषेत नाही वाढत, एक कॅरटचा एक हिरा हा अर्ध्या कॅरटच्या दोन हिऱ्यांपेक्षा कितीतरी महाग. म्हणून "एक कॅरटची कुडी" असं बोर्डावर लिहिता तेव्हा ते चौदा खडे मिळून एक कॅरट आहेत हे तितक्याच मोठ्या अक्षरात लिहा. आणि ५० सेंट, १ कॅरट ह्या आकड्यांना भाव उडी मारतो, ४७ किंवा ९२ सेंटचा घेतला तर डोळ्याला फरक शून्य आणि खिशाला बराच. ही युक्ती मला भाच्याने सांगितली, तुमच्यापैकी एकाने जरी सांगितली असती ना, मी आयुष्यभर दुसऱ्या दुकानात पाय ठेवला नसता. गिऱ्हाईक असं बांधलं जातं, कॅलेंडर आणि पाउच वाटून नाही.

बिलाचा पण हिशेब कॅशियरच्या नजरेने बघा. अंगठीचं एकूण वजन समजा ४.२०० ग्रॅम, हिरे ५० सेंट म्हणजे ०.१०० ग्रॅम, तर सोनं ४.१००. काही ठिकाणी सोन्याचा भाव ४.२०० वर लावतात आणि हिऱ्याचे पैसे परत वेगळे! रक्कम छोटी आहे पण कॅशला आम्ही एका रुपयासाठी रात्री आठपर्यंत बसायचो, त्यामुळे मला ते छोटं वाटत नाही.

सर्टिफिकेटबद्दल थोडं. दुकानाचं कार्ड आणि लॅबचा रिपोर्ट ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आता मला कळलं, तुम्हाला तर आधीपासून माहीत होतं. जीआयए, आयजीआय ह्यांच्या लॅब मुंबईतच आहेत. रिपोर्टचा नंबर मोठ्या हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला असू शकतो, भिंगातून दिसतो, तो नंबर लॅबच्या वेबसाइटवर टाकला की सगळी मापं समोर येतात. म्हणजे एचयूआयडीसारखंच झालं, फक्त सरकारने सक्ती केलेली नाही. आणि एचयूआयडी हा फक्त सोन्याचा, हिऱ्याशी त्याचा काही संबंध नाही, तरी "हॉलमार्क आहे मॅडम, काळजी नको" म्हणून हिरा विकणारे सेल्समन मी स्वतः ऐकलेत. लॅबही माणसंच चालवतात, एकाच हिऱ्याला दोन लॅबमध्ये एखादी पायरी इकडे तिकडे होते, मान्य. दागिन्यात बसवलेल्या हिऱ्याची ग्रेड तर अंदाजानेच द्यावी लागते कारण तळ नीट दिसत नाही, म्हणून मोठा हिरा आधी सुटा बघू द्या आणि मग बसवा. छोट्या खड्यांना वेगळा रिपोर्ट परवडत नाही, त्यांचं ईएफ व्हीव्हीएस, जीएच व्हीएस, आयजे एसआय असं एकत्र लिहितात, चालेल, पण ते बिलावर लिहा! बिलावर नुसतं "डायमंड ०.५० सीटी" लिहून मोकळे होता, तोंडाने सांगितलेलं व्हीव्हीएस हवेत विरतं.

आणि बंद कोंदण. पोलकी, कुंदन हे जुन्या पद्धतीचे जडावाचे दागिने मागून बंद असतात, खाली चंदेरी वर्ख, त्याने चकाकी वाढते, परंपराच आहे ती, तक्रार नाही. कुंदन, पोलकी, जडाऊला तर हॉलमार्कच्या सक्तीतूनही सूट आहे. तिथे झाकली मूठ सव्वा लाखाची, कळतं आम्हाला. पण साध्या हिऱ्याच्या टॉप्सना मागून बंद कोंदण दिसलं की आता मी विचारणार, का बंद केलंय?

लॅबमध्ये बनवलेल्या हिऱ्याबद्दल लिहिलं नाही तर थोरली रागवेल, तिची पिढी तेच घेते. तो खोटा नाही, हे मी माझ्या वयाच्या बायकांना सांगून दमले. अमेरिकन डायमंड वेगळा, मोइसनाइट वेगळा, ते हिऱ्यासारखे दिसणारे दुसरेच खडे, आणि हा वेगळा. हा कार्बनचाच, सीव्हीडी (वायूतून थरावर थर चढवून) नाहीतर एचपीएचटी (प्रचंड दाब आणि उष्णता देऊन) पद्धतीने केलेला, सुरतेत भरपूर होतो, २०२३ ला पंतप्रधानांनी जिल बायडन यांना साडेसात कॅरटचा दिला तो लॅबचाच होता. तुमचा तो पेनासारखा टेस्टर त्याच्यावरही वाजतो कारण उष्णता तो हिऱ्यासारखीच वाहून नेतो, हिराच तर आहे, आणि गंमत म्हणजे साधा टेस्टर मोइसनाइटवरही वाजतो, म्हणून "बघा वाजला, खरा आहे" हे आम्हाला सांगू नका. मोइसनाइट भिंगातून तिरका बघितला की पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात, भाच्याने दाखवलं. खाणीतला का लॅबचा हे मात्र भिंगातून भल्याभल्यांना सांगता येत नाही, त्याला मशीन लागतं, म्हणून तिथे आम्ही पूर्णपणे तुमच्या शब्दावर आहोत. आणि भावाचं काय? डी बीअर्स ह्या खाणीतल्या हिऱ्यांच्या बड्या कंपनीने २०१८ ला लाइटबॉक्स नावाने लॅबचे हिरे कॅरटला ८०० डॉलरने विकायला काढले, तेव्हा तो भाव ऐकून लोक दचकले होते, आणि २०२५ ला तो ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं, भाव इतके खाली गेले. त्याच वर्षी जीआयएने लॅबच्या हिऱ्यांना डी, ई, व्हीव्हीएस अशा ग्रेड देणं थांबवून नुसतं प्रीमियम आणि स्टँडर्ड केलं. तेव्हा घालायला घ्या, हौसेने घ्या, पण "इन्व्हेस्टमेंट आहे मॅडम" हे वाक्य ह्या काउंटरवरून तरी काढून टाका. खाणीतल्या हिऱ्यालाही ते जपूनच वापरा, कारण परत घेताना मजुरी गेली, जीएसटी गेला, आणि बायबॅक किती टक्के हे बिलामागे इतक्या बारीक अक्षरात असतं की त्यालाच आयग्लास लागतो.

आता मागणं. जगातले दहातले नऊ हिरे आपल्या शेजारी सुरतेत पैलू पाडून जातात असं सगळेच सांगतात, डिसेंबर २०२३ ला तिथे एवढं मोठं बोर्स उघडलं, तिथला रत्नकलाकार घंटीवर, म्हणजे पैलू घासायच्या फिरत्या चकतीवर, बसून मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब करतो. आणि तो हिरा आमच्या हातात येतो तेव्हा आमच्याकडे बघायला काय असतं तर मखमल. मला स्वयंपाकघरात पाऊण तास लागला. तुम्ही काउंटरवर दहा मिनिटं द्या, त्यातली दोन वरचे लाइट बंद करून. दोन हिरे शेजारी ठेवा, एक नीट कटचा आणि एक खोल, भिंग आमच्या हातात द्या, धरायचं कसं ते दाखवा (भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि हिरा जवळ आणायचा, उलटं नाही, मी पहिली दहा मिनिटं उलटंच करत होते). दुमडलेला पांढरा कागद ठेवा. तुम्हाला वाटेल गिऱ्हाईक शिकलं तर घासाघीस करेल. अहो ते न शिकताही करतंच, उलट आंधळेपणाने जास्त करतं, कारण घाबरलेलं असतं. सोन्याच्या वेळी हॉलमार्क आला तेव्हाही तुमच्यातले काही जण म्हणत होते धंदा बसेल. बसला का?

तुमच्यात चांगली माणसं आहेत, मला माहीत आहे. आमच्याच पेठेतले एक काका, दुकान छोटंसं, एसी नाही, त्यांना मी हे सगळं जाऊन सांगितलं तर काही न बोलता उठले, ड्रॉवरमधून एक खडा काढला आणि म्हणाले, "वहिनी, चला बाहेर ओट्यावर." तिथे सावलीत उभं राहून त्यांनी मला दाखवलं, आणि वर म्हणाले विचारतं कोण आजकाल, सगळे डिझाइन बघतात आणि ईएमआय विचारतात. तर तेही खरं आहे, चूक आमचीही आहे, आम्ही विचारत नाही.

म्हणून विचारायला येतेय. येत्या पाडव्याला धाकटीला नाकातली चमकी घ्यायची आहे, दहा सेंटचा एकच हिरा, पिवळ्या सोन्यात, कलर एच-आय चालेल, क्लॅरिटी डोळ्याला स्वच्छ एवढंच बास, पण कट चांगला हवा आणि कोंदण मागून उघडं हवं. सोबत माझी पट्टी, माझा कागद आणि भाच्याने दिलेलं भिंग असेल. गुजरीच्या टोकापासून सुरुवात करणार आहे आणि एकेक दुकान करत येणार आहे. ज्या दुकानात दाराजवळची, उजेडातली खुर्ची रिकामी असेल तिथे बसेन. चहा बिनसाखरेचा.

आपली,
गुजरीतली एक जुनी गिऱ्हाईक